बिनवजनाची गाडी

उचगावचा भरमा चौगुले कवळी बसवून घ्यायला शहरातल्या कॅम्प भागात डॉक्टर राघवेंद्र हेरेकरांकडे गेला, तेव्हा त्याला रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कॅसलरॉकचा घाट उतरणाऱ्या मालगाड्या त्यानं एकवीस वर्षं चालवल्या होत्या. बोलण्या-बोलण्यात हे कळलं आणि डॉक्टरांनी हातातलं माप तसंच खाली ठेवलं.

"कवळीचं नंतर बघू. आधी वर चला."

दवाखान्याच्या माडीवर लांबलचक टेबलावर रूळ मांडले होते. छोटं स्टेशन, चढ, बोगदा, सिग्नल, आणि वीतभर निळं इंजिन, मागं मालाच्या आठ वाघिणी. डॉक्टरांनी रुळांना वायरनं जोडलेली डबी हातात घेऊन तिच्यावरचं गोल बटण फिरवलं. इंजिन टुणकन सुटलं, तीन फेऱ्या भरभर मारल्या आणि फलाटासमोर खाडकन थांबलं. डॉक्टर आशेनं भरमाकडं बघत राहिले.

भरमाला खोटं बोलता येईना. "सायेब, गाडी अशी सुटली तर मागचा गार्ड भुईवर पडंल की."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग तुम्हीच दाखवा कशी सुटते ती."

भरमानं डबी घेतली. बटण जरासं फिरवलं, गाडी ढिम्म. आणखी जरा, तरी ढिम्म. आणखी थोडं फिरवलं आणि इंजिनानं उडीच घेतली, वळणावर कलंडलं, चार वाघिणी घेऊन टेबलाखाली गेलं.

डॉक्टर वाकून वाघिणी गोळा करायला लागले. भरमाचे कान मात्र तापले. खाली येऊन त्यानं निमूट तोंड उघडलं, माप दिलं आणि बसनं घरी आला. जेवतानाही तो बोलेना, तेव्हा बायको मनुबाईला वाटलं, दातांचंच काही दुखत असेल.

चौथ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दवाखान्यात हजर.

"कवळी अजून तयार नाही, भरमाण्णा."

"कवळीला न्हाय आलो. गाडी मोडली काय माझ्या हातनं?"

नव्हती मोडली. दोन वाघिणी जोडणारा एक आकडा तुटला होता, तो डॉक्टरांनी दातांच्या सिमेंटनं चिकटवला होता. दोघं वर गेले. भरमानं या चार दिवसांत विचार करून ठेवला होता.

"आमच्या गाडीला वजन असतंय, सायेब. ब्रेक लावला तरी ती लांबपर्यंत आपल्या मनानं जाती. हिला वजनच न्हाय. ते आपल्या बोटानं आणाय पायजे."

डॉक्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून रूळ पुसले. बोळा काळाकुट्ट झाला. पुसल्यावर मात्र इंजिन बटणाच्या अगदी थोड्या फिरवण्यावर हलायला लागलं. मग भरमाला दुसरी गोष्ट सापडली. उभी गाडी हलवायला जोर जास्त लागतो. पण चाक एकदा फिरलं, की बटण केसभर मागं घ्यायचं, म्हणजे ती उसळत नाही. तिथून पुढं तीस आकडे मोजत वेग वाढवायचा. थांबायचं तर फलाटाच्या चार हात अलीकडूनच कमी करत आणायचं. तिथं डॉक्टरांनी रुळाशेजारी पांढरी चिकटपट्टी लावली. डॉक्टरांना दहाच्या पुढं मोजायचा धीर नसायचा. भरमा त्यांचा हात धरून म्हणायचा, "जरा दमानं, सायेब. कुठं जायाचं हाय आपल्याला?"

पंधरा दिवस हेच चाललं. कवळी बसली तरी भरमाचं येणं थांबलं नाही. एका रविवारी डॉक्टरांनी ओळखीच्या लोकांना गाडी बघायला बोलावलं आणि भरमाला बजावलं, "चालवायची तुम्ही. आणि आक्कांना घेऊन या."

मनुबाई आली. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला गाडी चालवताना कधी पाहिलं नव्हतं. तिला ठाऊक होती ती पिशवी घेऊन जाणारी आणि दोन-दोन दिवसांनी परत येणारी पाठ.

भरमानं बटणावर बोट ठेवलं. गाडी कधी हलली ते कुणाला कळलंच नाही. फलाट हळूहळू मागं पडला, वाघिणी एकामागून एक वळणात शिरल्या, चढावर तिनं जोर धरला. बोगद्यातून बाहेर येताना ती खरोखर जड वाटत होती. शेवटच्या चार हातांत वेग उतरत गेला आणि धक्का न बसता गाडी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनुबाई गाडीकडं बघतच नव्हती, ती त्याच्या बोटाकडं बघत होती.

"एवढी हळू?" तिनं विचारलं. "खरी पण अशीच?"

"घाटात लईच हळू."

"मग तुमी उशिरा येत होता ते गाडीमुळंच म्हणायचं."

"व्हय तर! तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटायचं, लोंढ्याच्या स्टेशनात पत्ते कुटत बसताय."

डॉक्टर मोठ्यानं हसले. भरमा हसला नाही. त्यानं डबी डॉक्टरांच्या हातात दिली, खुर्ची ओढून मनुबाईला बसवलं आणि टेबलाच्या मोकळ्या कडेवर बोटानं घाट काढून, कुठं थांबून ब्रेक तपासायचे, पावसात कुठं चाक घसरतं, हे तिला पहिल्यापासून सांगायला लागला.