दारावरचा खडा

मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं आणि वाद एकच होता. शाळेत उतरलेले पोलीस ठेवायचे की घालवायचे, आणि ठेवायचे तर पोसायचे कुणी? जिल्ह्याच्या पोलीस साहेबांनी सांगून टाकलं होतं, की दंगलीच्या गावात जादा पोलीस बसले म्हणजे त्यांचा खर्च गावानंच उचलायचा. घरटी पट्टी बसेल. उद्या ते गावाचं म्हणणं ऐकायला येणार होते.

सटवाजी पाराखाली लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. वर ये असं त्याला कुणी म्हणालं नाही, आणि तो गेलाही नाही. शेजारी त्याचा लेक आश्रुबा उभा होता. आश्रुबा पूर्ण्याला रेल्वेत कामाला, बापाला कायमचं घेऊन जायला आलेला. बापानं त्याच्याकडून एवढा एक दिवस मागून घेतला होता. गाव काय म्हणतं ते ऐकू, मग ठरवू. म्हाताऱ्याचा जीव गावातून निघत नव्हता. त्याच्या बायकोला, चांगुणाबाईला, इथंच ओढ्याकाठी माती दिली होती.

आषाढात तिकडं मुंबईत विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि इकडं सटवाजीची वस्ती पेटली. चांगुणाबाई तापानं फणफणलेली. ती उठून बसेपर्यंत आढं खाली आलं. घटकाभर आधी कळलं असतं तर सटवाजीनं तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला असता.

पारावर बोलणं तापलं होतं. एकजण म्हणाला, आपण शेतसारा भरतो, त्यातून सरकारनं पोलिसांचे पगार करावेत. दुसऱ्यानं विचारलं, गावोगाव पोलीस बसवायचे तर सरकारची तिजोरी पुरेल का? तिसऱ्याचं म्हणणं, पोलीस वाढवून होतंय काय, ठाण्यात होते तेसुद्धा दुसऱ्या दिवशी नुसते पंचनाम्याला आले. तात्याराव म्हणाला, "चोर निदान राती येतो. हे भर दुपारी कोंबडी मागायलेत." सगळे हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, की ज्यांच्यासाठी बसवलेत त्यांनीच पट्टी भरावी. त्यावर मात्र कुणी हसलं नाही. वस्तीत कुडाच्या जागी अजून राखच होती, आणि माणसं पत्र्याच्या आडोशाला राहत होती.

मग पोलीस पाटील भगवानराव खाली वाकून, मायेनं बोलावं तसं बोलले.

"सटवा, उद्या तूच सांग साहेबाला. गावात भांडण न्हाई, पोलीस नकोत. तुझं ऐकतेल. आरं, तू आमचा जुना जागल्या. तू व्हतास तवा गावाला कधी पोलीस लागला का?"

खरंच लागला नव्हता. निजामाच्या राज्यात गावाची राखण सटवाजीकडं होती, आणि मेहनताना म्हणजे दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी. रझाकार गावावर चालून आले त्या वर्षी त्यानंच अख्खं गाव उठवलं होतं. दाराला हात लावायची त्याला मुभा नव्हती. म्हणून तो लांबून दारावर खडा मारायचा. पहिला खडा वेशीजवळच्या मुंजाजीच्या दारावर. मुंजाजीची बायको तेव्हा पहिलटकरीण होती. ती ज्वारीच्या रानात लपली म्हणून वाचली. पुढं धम्म घेतल्यावर सटवाजीनं राखण सोडली, भाकरी मागणं सोडलं. मुंजाजीशी बोलणंचालणं मात्र सुटलं नाही. एकमेकांच्या औताला हात लावायचे, तंबाखू एकाच चंचीतली खायचे.

मुंजाजी पारावरच होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

सटवाजी उठला.

"पाटील, पोलीस मलाबी नकोत," तो म्हणाला. "किती आणताल? ते आज हायती, उद्या जातेल. म्या सांगतो साहेबाला. पर मला एक पायजे. एकानं, निस्तं एकानं म्हनावं, की पुना तसली येळ आली तर सटवा, तुझ्या दारावर म्या खडा मारीन."

पारावर कुणी चंची सोडली, कुणी पायतणं शोधू लागलं.

"मुंजाजी," सटवाजी म्हणाला. "वस्ती जळली त्या दिशी दुपारी तू माझ्या कुडाजवळची कडब्याची गंजी हलवलीस. म्या इचारलं, आताच कशाला? तू म्हनलास, वाळवी लागली. म्याच पेंढ्या उचलून दिल्या तुला, गाडी भरू लागलो. चांगुणानं तुला पानी दिलं."

मुंजाजी अंगठ्यानं माती उकरतच राहिला.

"तुला म्हाईत व्हतं. दारात येऊ नको, बोलू नको. लांबून खडा मारला असतास तरी म्या समजलो असतो."

लांब कुठंतरी वासरू हंबरलं. मुंजाजीचे ओठ हलले. तो काय म्हणतो हे ऐकायला सटवाजी दोन पावलं पुढं गेला.

"लेकरंबाळं हायती रं मला," मुंजाजी म्हणाला. "मला न्हाई म्हनता येत तसं."

सटवाजीनं मान हलवली. त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं डोईचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि आश्रुबाला म्हणाला, "चल."

त्याच्या मागोमाग वस्तीतली उरलेली माणसंही निघाली, कुणी परभणीला, कुणी सेलूला. महिन्याभरात आडोशाचे पत्रेसुद्धा गेले. राखायला कुणी उरलंच नाही, तेव्हा सरकारनं पोलीस काढून घेतले. गावावर पट्टी बसली नाही. ही खबर सटवाजीला पूर्ण्याच्या बाजारात कुणीतरी दिली. भगवानरावांनी साहेबांना शांतता आहे असं सांगितलं म्हणे. ते खोटं नव्हतं.

आश्रुबाची खोली रुळांच्या कडेला, पत्र्याची. एका दुपारी सटवाजी आडवा झाला होता आणि पत्र्यावर खडा वाजला. तो ताडकन उठला. "मुंजाजी?" म्हणत त्यानं कडी काढली.

रुळाकडची खडी घेऊन पोरं पत्र्यावर नेम धरत होती. म्हाताऱ्याला बघून ती पळाली.

सून आतून म्हणाली, "मामा, कोन हाय?"

"कुनी न्हाई," सटवाजी म्हणाला. पण दार त्यानं लगेच लावलं नाही.