नेहाचं ग्राफिक्स कार्ड

तृप्ती आणि नेहा यांनी दोघींत मिळून एक गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा, हे बारावीपासून ठरलेलं होतं. तोवर मोबाईलवर एकत्र खेळायच्या. नेहा पुढे धावायची, तृप्ती मागून तिला सांभाळायची. आता तृप्ती इतवाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला होती आणि नेहा लोधीपुऱ्यात घरीच शिकवण्या घ्यायची.

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उभं करणारा सगळ्यात महाग भाग, नेहानं घ्यायचं. बाकीचं सगळं तृप्तीनं, आणि कॉम्प्युटर तृप्तीकडे ठेवायचा. नेहानं खंडव्याच्या एका मुलाकडून जुनं कार्ड घेतलंसुद्धा. तृप्तीनं ते आईच्या शिलाईच्या टेपनं मोजलं आणि मगच ते मावेल असं कॅबिनेट निवडलं. पॉवर सप्लाय त्या कार्डाला पुरेल असा घेतला. बोर्डवर कोणती रॅम चालते ते दोनदा वाचलं. प्रोसेसरपाशी मात्र ती अडली.

"एफवाला घेऊन टाक," दुकानदार निरंजनभैया म्हणाला. "स्वस्त पडतो. पण त्याच्यात स्वतःचा डिस्प्ले नसतो बरं. कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहणार."

"कार्ड आहे ना, भैया," तृप्ती म्हणाली.

त्याच महिन्यात नेहाचं लग्न जमलं. मुलगा भुसावळचा होता. तृप्तीला आनंद झाला आणि थोडं रितंही वाटलं, पण लग्नाला अजून चार महिने होते. तेवढ्यात खेळून घेऊ, असं ती मनाशी म्हणाली. कार्ड घेऊन ये म्हटलं की नेहा आज-उद्या करायची. कधी आई बाहेर सोडत नव्हती, कधी खोकं कपाटात खाली गेलेलं असायचं.

एका रविवारी तृप्तीनं बाकीचं सगळं जोडलं. बटण दाबलं तसे पंखे फिरले, लाल दिवे लागले. स्क्रीन काळी राहिली, तशी ती राहणारच होती. तिनं व्हिडिओ काढून नेहाला पाठवला आणि खाली लिहिलं, फक्त तुझं कार्ड बाकी. नेहानं तो पाहिला, पण उत्तर दिलं नाही.

दोन दिवसांनी तृप्ती स्वतःच लोधीपुऱ्यात गेली. नेहाची आई आशाबाई लग्नाच्या साड्यांना फॉल लावत बसली होती. नेहानं तृप्तीला गच्चीवर नेलं.

"कार्ड नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली.

"विकलंस?"

"नाही गं. चंदनभाऊंना दिलं." चंदन तिचा होणारा दीर. "फोनवर बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं. ते म्हणाले, वहिनी, माझं कार्ड खराब झालंय, तुमचं तसंच पडलंय ना? साखरपुड्याला आले तेव्हा घेऊन गेले."

"तू नाही म्हणायचं ना."

"कशी म्हणू, यार? मला त्याच घरात राहायचंय."

तृप्तीला खूप बोलावंसं वाटत होतं, पण नेहा कठड्याचा रंग नखानं खरवडत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"साखरपुड्याला महिना झाला," तृप्ती शेवटी म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंस तर प्रोसेसर बदलून मिळाला असता."

"हिंमतच नाही झाली."

निरंजनभैयानं प्रोसेसरचं फोडलेलं खोकं परत घेतलं नाही. तृप्ती हळदीला गेली, नेहाच्या गालाला हळद लावली, फोटोत उभी राहिली. पाठवणीच्या वेळी नेहा तिच्या गळ्यात पडून रडली. तृप्तीला रडू आलं नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

पुढे निरंजनभैयानं कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातलं जुनं कार्ड तिला जवळजवळ फुकट दिलं. स्क्रीनवर चित्र आलं. गेम सुरू व्हायचा, पण चार पावलं गेली की अडकायचा.

श्रावणात नेहाचा फोन आला.

"लागला का आपला कॉम्प्युटर?"

"लागला."

"गेम चालतो?"

"चालतो," तृप्ती म्हणाली.

"चंदनभाऊंचा एकदम मक्खन चालतो. चहा द्यायला जाते ना, तेव्हा दिसतो."

"तुला खेळू देतात?"

"बघते ना मी. बघायला कोण नाही म्हणतं?" नेहा हसली. पलीकडून कुणीतरी नेहाला हाक मारली. "ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या आठवड्यात तृप्तीनं सगळे गेम काढून टाकले. आता दुकानातून आल्यावर ती घरीही लोकांचे फॉर्म भरून देते. तेवढ्याला ते जुनं कार्ड पुरतं.