डावा गुडघा

गाडीत बसल्याबरोबर जिवलीने सवयीने उजवा हात खाली टाकला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. दोन सीटांच्या मध्ये जिथे गिअरचा दांडा असायचा, तिथे नुसती मोकळी जागा होती. ओळखीच्या घरी जावं आणि दाराला उंबराच नसावा, तसं तिला झालं.

"दांडा कुठाय याचा?"

"बेन, आमां गिअर नथी," भावेशभाई खिडकीत वाकून म्हणाला. तलासरीला हायवेच्या कडेला त्याचं जुन्या गाड्यांचं आवार होतं, आणि गिऱ्हाईक पाहून तो गुजराती-मराठीची मिसळ करी. "ऑटोमॅटिक छे. ही स्टिअरिंगजवळची दांडी एकदा खाली ओढायची, पाय द्यायचा, की पळते. क्लचच नाय. एकदम शेठ लोकांची गाडी."

"आणि ती?" हिरूने शेजारच्या गाडीकडे मानेनेच खुणावलं.

"ती पण सेम. सेम कंपनी, सेम वरस. दोन्हीची चारी चाकं ओढतात. फक्त ती गिअरवाली."

दोन्ही गाड्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी उभ्या होत्या. एक घोलवडच्या चिकूवाडीवाल्याची, दुसरी उंबरगावच्या एका ठेकेदाराची. दोन्ही लांब पाठीच्या, मागची सीट पाडली की टोपल्या सहज मावतील अशा. किंमतही उन्नीस-बीस. डहाणूच्या गॅरेजात काम करणाऱ्या अमृतने, म्हणजे हिरू-जिवलीच्या जावयाने, दोन्हींच्या पोटाखाली शिरून सगळं तपासलं होतं.

"मामा, दोन्हीत खोट नाय," अमृत हात पुसत म्हणाला. "आता तुमी दोघं ठरवा."

तिथेच तर घोडं अडलं होतं.

हिरू आणि जिवली सुकी मासळी विकत. वरोर-झाईच्या किनाऱ्यावरून बोंबील, सुकट, मांदेली उचलायची आणि डोंगरातल्या आठवडी बाजारांत न्यायची. इतकी वर्षं हे सगळं जुन्या जीपवर चाललं. पण मासळीच्या खाराने तिचा पत्रा असा खाल्ला की शेवटी शेवटी पायाखालून रस्ता दिसायला लागला. जीप भंगारात गेली. साधी गाडी घेऊन भागणार नव्हतं. पालघर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांच्या पाड्याखालची खडकीची चढण कच्चीच होती, आणि ओल्या मातीत चारी चाकांनी जोर लावल्याशिवाय ती कुणाला वर घेत नसे.

खरी गोष्ट निराळीच होती. त्यांची लेक रोशनी शाळेत जायला लागली त्या सुमारास हिरू ताडावरून पडला. हाड जुळलं, पण डावं कोपर वाकलं ते वाकलंच. वाकडा हात छातीशी धरून स्टिअरिंग सांभाळता येई. खाली दांड्यापर्यंत मात्र तो पोचत नसे. धंदा बंद पडायची पाळी आली, तेव्हा जिवली शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "तू पाय दाब. मी टाकते."

सुरुवातीला गिअरचे दात असे करकरत की रस्त्याकडेच्या कोंबड्या फडफडत पळत. हिरू ओरडायचा, "अजून नाय, अजून नाय!" मागच्या टोपल्यांवर बसलेली रोशनी टाळ्या पिटून ओरडायची, "आई, दुसरा!" मग हळूहळू जिवलीला किल्ली सापडली. त्याच्या डाव्या गुडघ्यावर नजर ठेवायची. गुडघा उचलला की हात दांड्यावर, गुडघा दबला की दांडा पुढे नाहीतर मागे. बोलायचं कामच उरलं नाही. दोघांचं कडाक्याचं भांडण चालू असलं तरी गिअर चुकत नसे.

बाजारात लोक हसत. मीठवाला झिपरू तर जीप दिसली की हाळी घालायचा, "आला रे आला, हिरूचा गिअर लुगडं नेसून आला!" हिरूही हसे. पण हसताना तो वाकडा हात पाठीमागे नेई, ते जिवलीला दिसे. इतरांना दिसत नसे.

म्हणून भावेशभाईने "क्लचच नाय" म्हटलं तेव्हा तिला आधी आनंदच झाला. हिरू एकटा गाडी चालवील. ताठ मानेने बाजारात उतरेल. आणि तिच्या सीटवर? तिच्या सीटवर बोंबलांची आणखी एक टोपली बसेल.

"पहिली ही चालवून बघा," अमृतने आग्रह केला.

हिरू भावेशभाईला घेऊन गेला. जिवली आवारात उभी राहून लांब जाणाऱ्या गाडीची पाठ पाहत राहिली. हिरू गाडी चालवतोय आणि आपण खाली उभ्या आहोत, हे तिला कितीतरी वर्षांनी दिसत होतं. गाडी कशी पाण्यावरून जावी तशी गेली. एक हिसका नाही. आपण असताना इतकी अलगद कधी गेली नसेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

परत आला तेव्हा हिरूच्या तोंडावर पोरासारखं हसू होतं. ते त्याने खाली उतरता उतरता पुसून टाकलं.

"कशी हाय?" तिने विचारलं.

"बरी हाय. पण नको. ती गिअरवाली घेऊ."

अमृतने कपाळाला हात लावला. "अवो मामा, तुमच्यासाठीच तर ही शोधली! हिच्यात डाव्या हाताचं कामच नाय."

"बॅटरी बसली तर? गिअरवालीला पाड्यावरची चार माणसं धक्का मारतात, चालू होते. ही होते का धक्क्याने?"

"नाय होत. पण बॅटरी नवी टाकून देतो ना मी."

"आणि उतारावर? आपण गिअरात अडकवून उतरतो. ही सुसाट सुटली म्हणजे?"

"हिला पण खालचा गिअर लावता येतो. दांडी अजून खाली ओढायची."

"पेट्रोल जास्त पिते."

"थोडं."

"बघ! थोडं म्हणजे किती थोडं?"

"मामा, आता तुमी नुसतं भांडायला भांडताय," अमृत म्हणाला. भावेशभाईने शहाणपणाने फोन कानाला लावला, फोन आलेला नसतानाही.

जिवलीने पदर खोचला. मनाशी एकदा ठरवलं की ती मागे बघत नसे.

"हीच घ्यायची," ती म्हणाली. "झिपरूचं तोंड एकदाचं बंद होईल. कुणाचा हात नको का कुणाचा आधार नको. एकटा जाशील, एकटा येशील."

"एकटा?"

"मग काय तर."

हिरू चपलेने खडी उकरत राहिला. "तेच तर म्हणतोय मी," तो खालीच बघत पुटपुटला. "गिअर नसला तर तू कशाला येशील? डहाणूला नातीकडं जाऊन बसशील. मग मी काय, वरोरपासून बोंबलांशी बोलत येऊ?"

हायवेवरून एक टँकर धडधडत गेला. मग जिवली हसायला लागली. हसता हसता तिला गाडीच्या बॉनेटचा आधार घ्यावा लागला.

"अरे येड्या! बोंबील विकतं कोण? तू? त्या दिवशी मी चहाला गेले तेवढ्यात सगळी सुकट फुकट वाटून बसलास!"

"फुकट नाय. उधार दिली."

"कुणाला दिली ते आठवतं का?"

हिरू पुन्हा खडी उकरू लागला. अमृत तोंड फिरवून हसू लागला.

"मी येणारच हाय," जिवली म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तू नको बोललास तरी येणार. मला वाटलं तुलाच मी नको झाले. मी काय घरी बसायला ही गाडी मागत नाय. मला बाहेर बघायचंय."

"बाहेर काय?"

"तेच तर मला ठाऊक नाय! इतकी वर्षं त्या जीपमधून मी एकच बघितलं, तुझा डावा गुडघा. जाताना गुडघा, येताना गुडघा. लाडकी झाली, दवाखान्यातून तिला घरी आणली, तेव्हा पण ती मागं रोशनीजवळ रडत होती आणि मी तुझा गुडघा बघत होते. नातीला मांडीवर घ्यायला हात मोकळा नव्हता माझा."

हिरूने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच भेटत होता. "एवढा वाईट हाय का?"

"चांगला हाय. पण बस झाला."

तेव्हा कुठे हिरूने श्वास सोडला. सकाळपासून धरलेला असावा. वाकडा हात उचलून त्याने बिनगिअरच्या गाडीच्या टपावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "भावेशभाई," त्याने हाक मारली, "फोन झाला असंल तर या. ही घेतली."

पुढच्या रविवारी ते डहाणूहून लेकीला आणि नातीला घेऊन पाड्याकडे निघाले. रोशनी मागे बसली. नव्या गाडीला दोनच खेपांत सुकटीचा वास लागला होता आणि ती नाकाला पदर लावून म्हणत होती, "बाबा, शेठ लोकांची गाडी ना ही?" लाडकी आजीच्या मांडीवर पेंगत होती.

रात्रीच्या सरीने खडकीची चढण ओली होती. पायथ्याशी गाडी आली, तसा हिरूचा डावा गुडघा वर झाला, आणि त्याच क्षणी जिवलीचा उजवा हात खाली गेला. त्याच्या पायाने नुसती चटई दाबली. तिच्या मुठीत नुसती हवा आली. गाडी आपली आपण घुमली, चारी चाकांनी माती धरली आणि कुणालाही न विचारता वर चढू लागली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टाकलास पहिला?" हिरूने विचारलं.

"टाकला," जिवली म्हणाली, आणि हात उचलून तिने तो लाडकीच्या जावळावर ठेवला.

मग ती खिडकीबाहेर बघू लागली. करंजाची झाडं गेली. कुणाचं तरी नाचणीचं वावर गेलं. वळणावर दगडी काठाची एक विहीर दिसली, तिच्या काठावर कुणीतरी पितळी कळशी पालथी घालून ठेवली होती.

"अरे, ही विहीर कधी खणली?"

"कधी काय? जुनी हाय. जीप तापली की इथूनच नाय का पाणी आणायचो मी? तू उतरायची नायस. चढावर गिअर सुटायचा, म्हणून दांडा धरून बसायचीस."

"इथून होय," जिवली म्हणाली. मान वळवून ती विहीर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. "बघ गो लाडके, विहीर बघ. तुझ्या आजीने आज पहिल्यांदा बघितली."

लाडकी झोपली होती. पुढचं वळण आलं. जिवलीची नजर बाहेरच होती, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, हिरूचा डावा गुडघा अजून वळणावळणाला वर होत होता, खाली जात होता. तिने त्याला काही सांगितलं नाही.