वाढत्या अंगाचे धनुष्य

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. सोडलेले बाण बारा. लक्ष्यावर लागलेला एकही नाही.

पद्माकरांनी ही नोंद वहीत केली, पेनाला टोपण लावले आणि मैदानाकडे पाहिले. त्यांची आठ वर्षांची नात भार्गवी गवतातले बाण एकेक करून गोळा करत होती. आठ मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत त्यांतले निम्मेही पोहोचले नव्हते. सलग चौथ्या रविवारी हाच प्रकार घडत होता. पहाटेच्या चहाच्या वेळी त्यांच्या पत्नी नयनाताईंनी जे सांगितले होते, ते पद्माकरांच्या मनात घर करून राहिले होते. आदल्या संध्याकाळी भार्गवी आजीच्या कुशीत शिरून म्हणाली होती, "मला आता धनुष्यबाण नको. पण आजोबांना सांगू नकोस." एक्केचाळीस वर्षांच्या संसारात नयनाताईंच्या पोटात कोणतीही गोष्ट बारा तासांहून अधिक राहिली नव्हती, हीही अर्थात राहिली नाही.

हीच मुलगी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत रविवारी पहाटे स्वतःहून उठत होती. बेळ्ळंदूरच्या एका शाळेच्या याच मैदानावर धनुर्विद्येचा वर्ग चालायचा. तिथले सगळ्या मुलांनी वापरून गुळगुळीत झालेले हलके धनुष्य घेऊन ती तासन्‌तास उभी राहायची आणि घरी येऊन हवेत बाण सोडायची. म्हणून तर पद्माकरांनी तिच्या वाढदिवसाला तिचे स्वतःचे धनुष्य घ्यायचे ठरवले होते.

त्यांनी ते नेहमीच्या पद्धतीने घेतले. तंत्रनिकेतनाची पदविका आणि त्यानंतर छत्तीस वर्षे सरकारी कारखान्यात क्रेनच्या तपासणीचे काम, यांमुळे चौकटी आखल्याशिवाय ते साधी बादलीही विकत घेत नसत. तीन दुकाने, लांबी, वजन, लाकूड, ताण, असा तक्ता तयार झाला. शिवाजीनगरच्या गल्लीतले दुकान पसंतीस उतरले. धनुष्याची लाकडी मूठ आणि तिला खालीवर जोडायची दोन पाती, असा तो सुटा संच होता. दुकानदाराने मुलीचे वय विचारले आणि तो कानडीत अदबीने म्हणाला, "स्वल्प हगुर तगोळ्ळी, सार." थोडे हलके घ्या. पद्माकर नुसते हसले. त्यांनी पूर्ण ताणायला तेवढा जोर लागणारी चोवीस पौंडी पाती निवडली, म्हणजे मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत बघायला नको.

कारण त्यांच्या घराण्यात प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घेतली जाई. फ्रॉकची किनार तीन घड्या मारून शिवलेली, बुटांच्या टोकांत कापूस, सायकल अशी की चवड्यांवर उभे राहिल्याशिवाय पाय टेकू नयेत. स्वतः पद्माकर तंत्रनिकेतनात पहिल्या दिवशी गेले, ते मनगटावर दोनदा दुमडलेल्या बाह्यांचा सदरा घालून, आणि तोच सदरा त्यांनी शेवटच्या परीक्षेला ताठ मानेने घातला होता. या रीतीने आजवर कुणाचे वाईट झाले नव्हते.

वर्ग घेणाऱ्या वसुमती महिनाभर स्पर्धांसाठी परगावी होत्या. त्या काळात एक नवखा मदतनीस वर्ग सांभाळत होता आणि आजोबांनी आणलेल्या नव्या धनुष्याविषयी बोलायला तो धजावला नव्हता. आज वसुमती परतल्या होत्या. वयाने त्या पद्माकरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मैदानावर सगळ्यांच्याच अक्का. त्यांनी भार्गवीचे शेवटचे तीन बाण पाहिले. मुलगी कमरेतून मागे वाकत होती, खांदा कानाशी येत होता आणि दोरी हनुवटीपर्यंत पोहोचण्याआधीच सुटत होती. त्यांनी भार्गवीला पाणी प्यायला पाठवले, धनुष्य हातात घेऊन एकदाच ताणले आणि त्या पद्माकरांच्या बाकाशी आल्या.

"अण्णा, धनुष्य उत्तम आहे. कुणासाठी घेतलंत?"

"भार्गवीसाठीच की."

"नाही. हे तुम्ही चार वर्षांनंतरच्या भार्गवीसाठी घेतलंत. ती अजून यायची आहे. ही जी आली आहे, तिच्या हातात काय देता?"

पद्माकरांनी वही उघडली आणि काहीच न लिहिता मिटली.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून स्प्रिंगचा काटा काढला. रद्दीवाल्याच्या काट्यावर विश्वास नसल्यामुळे तो त्यांनी फार पूर्वी घेतला होता. काट्याचा हूक धनुष्याच्या दोरीत अडकवून त्यांनी ती भार्गवीच्या हनुवटीच्या मापापर्यंत ओढली. पूर्ण ओढ नसतानाही सव्वासात किलो. मग काटा दाराच्या कडीला बांधून त्याला ओढायला दोरी लावली आणि नातीला बोलावून सांगितले की, मी सांगेन त्या आकड्यापर्यंत ओढायचे आणि मी दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचे. साडेतीन किलोवर ती दहापर्यंत निश्चल उभी राहिली. पाचवर सहाव्या अंकाला हात थरथरू लागला. सातवर आजोबांनी "दोन" म्हणताच दोरी सुटली आणि काटा दारावर आपटला.

पद्माकर खाली स्टुलावर बसले. दहा टनांच्या क्रेनवर साडेदहा टनांचे वजन त्यांनी आयुष्यात कधी चढू दिले नव्हते. त्यापायी वरिष्ठांशी भांडणे केली होती, बढती लांबवून घेतली होती. आणि इथे साडेतीन किलोच्या खांद्यावर दुप्पट भार स्वतःच्या हाताने चढवून ते दर रविवारी शून्याची नोंद करत बसले होते.

"खांदा दुखतो का गं?"

भार्गवीने आजीकडे पाहिले, मग जमिनीकडे. "थोडा. पण तुम्ही तक्ता केला होता ना, आजोबा."

चार रविवार ती बोलली नव्हती, ती एवढ्यासाठी. पद्माकरांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

"चूक माझ्या तक्त्यात होती, बाळा. तुझ्या हातात नव्हती."

"म्हणजे तुम्ही नापास?"

"साफ नापास."

"मग परत परीक्षा देता येते," तिने गंभीरपणे धीर दिला. नयनाताई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा शिवाजीनगरला गेले. या खेपेला तक्ता घरी ठेवला होता आणि भार्गवी बरोबर होती. पहिल्या खेपेला तिला न्यायचे कुणाला सुचलेही नव्हते. दुकानदाराने जुन्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. त्याने तीन जोड्या एकामागून एक मुठीला लावल्या आणि प्रत्येक जोडी मुलीकडून दहा-दहा वेळा ताणून घेतली. दहाव्या खेपेलाही जी ताणताना मुलीचा चेहरा वाकडा झाला नाही, ती बारा पौंडी पाती त्याने बाजूला ठेवली. "ईग सरी," तो भार्गवीलाच म्हणाला. आता ठीक. पद्माकरांनी त्याला हात जोडले, तेव्हा तो संकोचून पाती कागदात गुंडाळू लागला.

चोवीस पौंडी पाती पद्माकरांनी मऊ कापडात बांधून माळ्यावर ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: "बारा वर्षांच्या भार्गवीसाठी. ती येईल तेव्हा तिला विचारून." मैदानावर त्यांनी वसुमतीअक्कांचे आभार मानायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, माझे कशाला, त्या पोरीचे माना, तुमचा मान राखायला तिने महिनाभर खांदा दुखवून घेतला. ते पद्माकरांनाही ठाऊक होते. पण आठ वर्षांच्या मुलीचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात शिकवलेले नव्हते. म्हणून ते तिचा भाता खांद्याला लावून बाकापर्यंत तिच्या मागून चालत गेले आणि वहीचे नवे पान उघडून बसले.

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. सोडलेले बाण बारा.

लक्ष्यावर लागलेले, सात.