पूजेतलं रिव्हॉल्व्हर

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर नांगराच्या फाळाशेजारी आजोबांचं सरकारी रिव्हॉल्व्हर मांडतात. त्याला पहिलं कुंकू तांड्यावरच्या केशरबाईनं लावायचं, ही रीत. ती पोटात असतानाच तिचा बाप नेमसिंग रझाकारांच्या गोळीनं गेला. त्या रागानं निजामाच्या पोलिसातले जमादार, म्हणजे आमचे आजोबा तातेराव, रिव्हॉल्व्हर घेऊन नोकरीतून पळाले आणि लढ्यात सामील झाले, असं सगळं गाव सांगतं. सांगतं कसलं, मीच सांगितलं. तीस वर्षं सेनगावात इतिहास शिकवला आणि दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, हेच भाषण ठोकलं. पुरावा कुणी मागितला नाही, मलाही शोधावासा वाटला नाही.

यंदा माझा धाकटा भाऊ विकास सरपंच झाला. वेशीवर आजोबांच्या नावाची कमान उभारायचं त्यानं काढलं, तर तालुक्याहून कागद मागितला. मास्तर म्हणून मला पिटाळलं. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यावरचा नंबर घेऊन मी तीन महिने जुनी दप्तरं धुंडाळली. शेवटी एक उर्दू नोंद सापडली. तिची नक्कल हिंगोलीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून वाचून घेतली. वाचता वाचता ते थांबले, चष्मा पुसला आणि विचारलं, हे जमादार तुमचे कोण. मी म्हणालो, कुणी नाही.

नोंद चार ओळींची. नेमसिंग, राहणार तांडा, यानं बंडखोरांना भाकरी पोचवल्या. जमादार तातेराव यांनी त्याला धरून दोन गोळ्या घातल्या. प्रेत ओढ्याकाठच्या चिंचेखाली पुरलं. या कामगिरीबद्दल रिव्हॉल्व्हर जमादारांना बक्षीस. नंबर बराबर तोच.

ती चिंच आमच्याच वावरात आहे. लहानपणी तिच्या सावलीत बसून मी शिदोरी खाल्ली आहे. आजोबांची चीड आली, त्याहून जास्त माझी मलाच शिसारी आली.

विकासला सांगितलं. तो थंडपणे म्हणाला, गाडलेले मुडदे उकरून कुणाचं भलं झालंय. कागद सापडला नाही म्हणून सांग, कमानीचं मी बघतो. मी त्याला नाही नाही ते बोललो. केशरबाईला दसऱ्याला सगळं सांगणार, असं बजावलंही. मोठा हरिश्चंद्रच लागून गेलो होतो मी.

दसऱ्याला ती आली. अठ्ठ्याहत्तरीची बाई, काठी टेकत. ओसरीवर घरचे सगळे उभे होते. तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि तशीच माझ्याकडं वळली.

"गुर्जी, तुमी जुने कागद बघून राहिले म्हनं. माझ्या बापाला कुठं पुरलं, ते हाय का त्यात? माय मरेपर्यंत हुडकत व्हती. तिथं एक दिवा लावला असता."

उत्तर ओठांवर होतं. ओसरीवरून चिंचेचा शेंडा दिसत होता. विकास माझ्याकडं बघत होता. पण मी भ्यालो ते त्याला नाही. तीस वर्षांची माझी भाषणं आठवली, त्या टाळ्या आठवल्या.

"न्हाई," मी म्हणालो. "तसं काई न्हाई त्यात."

"ऱ्हाऊ द्या मग."

तिनं नळीवर कुंकवाचं बोट टेकवलं, वाकून नमस्कार केला. मग पदराची गाठ सोडून आपट्याची पानं माझ्यापुढं धरली.

"सोनं घ्या गुर्जी, सोन्यावानी ऱ्हावा. तुमच्या आजोबानं माझ्या बापाचं नाव राखलं."

मी दोन्ही हातांनी घेतलं.