उसनं नाक

परत आलेल्या वाडग्यात अर्धी लाक्सा तशीच होती. माशाच्या आंबट रश्श्यात तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, अननसाची एक फोड, आणि त्या सगळ्यावर नीट घडी करून ठेवलेला कागदी रुमाल. गाइक सिमनं रुमाल उचलला आणि टॅक्सीवाल्या च्युआला मनातल्या मनात शिवी घातली. आवडली नाही तर सांग ना, बाबा! झाकून काय ठेवतोस?

जॉर्जटाउनच्या बाजारामागच्या गल्लीत ओईचं कॉफीचं दुकान होतं. कॉफी ओईची, खाणं भाडेकरूंचं. कोपऱ्यात डुकराच्या मटणाच्या शेवया विकणारा, दर्शनी बाजूला गाइक सिमची लाक्सा, आणि बाहेर फुटपाथवर नैना मोहम्मदची गाडी. नैनाकडे पसेंबूर मिळायचं. काकडीचा कीस, कोळंबीची भजी, उकडलेलं अंडं आणि वरून रताळं-शेंगदाण्याची गोडतिखट चटणी.

गाइक सिमचं दुखणं साधं होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. मागे ताप आला, उतरला, पण जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. आंबट, खारट, गोड, तिखट एवढं जीभ सांगायची. बाकी सगळा अंधार. इतकी वर्षं ती ज्याला चव म्हणत होती, त्यातला मोठा हिस्सा नाकाचा होता, हे तिला नाक गेल्यावर कळलं.

आणि लाक्सा म्हणजे तर नाकाचंच काम. बांगडे उकडून, काटे काढून रश्श्यात सोडायचे. आमसुलाच्या भावकीतल्या आंबट फळाच्या वाळक्या फोडी घालायच्या, सुगंधी पानांची जुडी टाकायची, आणि शेवटी आल्याच्या जातीच्या झाडाची गुलाबी कळी उभी चिरून. मग वाट बघायची. आधी माशाची हिवस, तो ओला उग्र वास, पुढे असते. हळूहळू ती मागे सरते आणि फूल वर येतं. त्याच क्षणी पानं बाहेर काढून आच कमी करायची. लवकर काढली तर रस्सा हिवसट, उशीर झाला तर औषधी काढा.

तिची मुलगी पेई शान क्वालालंपूरला प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं फोनवरून उपाय सुचवला होता, "मा, घड्याळ लावून बघ." गाइक सिमनं आठवडाभर घड्याळ लावलं. पण एक दिवस कळी मिटलेली मिळायची, दुसऱ्या दिवशी अर्धी उमललेली. बांगडेही कधी चरबीनं भरलेले, कधी रोडावलेले. रस्सा रोज नवाच व्हायचा. शेवटी पेई शाननं छोट्या बाटल्या पाठवल्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी. "रोज सकाळी हुंगायच्या. मज्जातंतू पुन्हा वाढतात, मा. फक्त वेळ लागतो, आणि डॉक्टर म्हणतात सुरुवातीला वास चुकीचे येतात." गाइक सिम रोज पूजेसारखं ते हुंगणं उरकायची. बाटल्या मुक्याच राहायच्या.

दुकानात विचारावं कुणाला? ओईला सिगारेटींमुळे मिठाशिवाय काही कळत नव्हतं. गिऱ्हाइकं "छान, छान" म्हणायची आणि रुमाल पसरायची. चिनी नववर्षानंतर जागा सोडून मुलीकडे जायचं, असं तिनं ठरवून टाकलं. आज दुपारी ओईला सांगायचं होतं; काहीतरी सांगायचंय, एवढं त्याच्या कानावर घालूनही झालं होतं. ती नळाखाली वाडगा धूत होती, तेवढ्यात नैना हात पुसत उंबऱ्याशी आला.

"अक्का, माझ्याशी काही भांडण आहे का तुमचं?"

"मला वेळ कुठाय भांडायला? का रे?"

"मग माझी भजी का करपवता?"

"तुझी भजी? मी? मी तुझ्या कढईकडे बघत तरी असते का!"

"बघता कशाला? तुमच्या फुलाचा वास आला की मी तेल तापवतो. फूल नीट बसलं की कोळंबी पिठात. गिऱ्हाईक तेव्हाच गल्लीत वळतं. लग्न झाल्यापासून हेच माझं घड्याळ. आणि हल्ली? एक दिवस फूल येतंच नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा काढा होईतो तुम्ही काकडी चिरत बसता! मी तेल तापवून वेडा होतो."

गाइक सिमच्या हातातला वाडगा तसाच राहिला. नैनानं तिच्या लाक्साचा एक चमचाही कधी खाल्ला नव्हता. तिची भांडी ज्या नळाखाली निघायची, तिथंच शेजारच्या डुकराच्या शेवयांची निघायची. तिनं लाक्सा कधी पुढे केली नाही, त्याला कधी नको म्हणावं लागलं नाही. आणि तोच माणूस रोज सकाळी तिचं पातेलं हुंगत होता.

"नैना," ती हळूच म्हणाली, "मला वास येत नाही. त्या तापापासून."

नैनानं तिच्याकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला. "म्हणजे परवा माझ्या नव्या चटणीला 'काय सुवास सुटलाय' म्हणालात, ते?"

"खोटं."

"या अल्ला! आणि मी घरी बायकोला सांगून आलो!"

कितीतरी दिवसांनी गाइक सिमला हसू आलं. नैना मात्र हसला नाही. त्यानं चुलीकडे बोट केलं. "ते दुसरं पातेलं उकळतंय ना? फूल टाका."

तिनं कळी चिरून टाकली. नैना उंबऱ्याबाहेरच डोळे मिटून उभा राहिला.

"आता?"

"मासा पुढे आहे."

"आता?"

"थांबा हो. फूल निघालंय घरातून."

"नैना, जास्त होईल!"

"दोघं बरोबरीला आलेत... बरोबरीला... आता! काढा पानं, काढा!"

तिनं झाऱ्यानं जुडी उचलली आणि आच कमी केली. गल्ल्यावरून ओई ओरडला, "लाक्सा शिजतेय की बाळंतपण चाललंय?"

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. च्युआ टॅक्सी लावून आला, नेहमीच्या खुर्चीत बसला, एक चमचा तोंडात घातला आणि थांबला. मग चमचा बाजूला ठेवून त्यानं दोन्ही हातांनी वाडगा उचलला. रुमालानं नंतर फक्त तोंड पुसलं.

"गाइक सिम, कुठे गेली होतीस?"

"इथेच तर होते की."

"छे. आज आलीस."

 रिकामा वाडगा तिनं धुवायला टाकला नाही, जरा वेळ हातातच धरून ठेवला.

दुपारी ओईनं आठवण करून दिली. "काल काहीतरी सांगायचं म्हणत होतीस?"

"हो. तो पंखा फिरव. सगळा वास आत भटारखान्यात जातो. बाहेर नैनाकडे जायला पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि नववर्षाला मला दोन दिवस सुट्टी. मुलीकडे जाऊन परत येते."

पुढे कित्येक सकाळी तेच चाललं. आधी बाटल्या हुंगायच्या, मग पातेलं, मग बाहेरून नैनाची हाक. त्याची भजी पुन्हा वेळेवर तळली जाऊ लागली. गाइक सिमला मधूनमधून वाटायचं, पुन्हा कधी नाही आला वास तरी चालेल. मग लिंबाच्या सालीची बाटली उघडताना कळायचं की चालणार नाही.

नववर्ष उलटून गेलं. एके दिवशी काकडी चिरता चिरता तिनं मान वर केली.

"कुणाचं तरी टायर जळतंय."

"कुठे?" ओईनं रस्त्यात डोकावून पाहिलं. रस्त्यावर फक्त सायकली होत्या.

ती सुरी ठेवून उठली. नाक पुढे करत टेबलांमधून, उंबरा ओलांडून फुटपाथवर आली, नैनाच्या गाडीपाशी थांबली आणि ताज्या भज्यांच्या परातीवर वाकली.

"हेच! शी! नुसतं जळकं रबर!"

"अक्का! माझी भजी?" नैना आधी दुखावला. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "थांबा, थांबा. पुन्हा घ्या. जवळून."

"घाण आहे रे. फार घाण आहे!"

"खरंच?"

"अगदी टायर!"

"ऐकलंत?" नैनानं समोरच्या गिऱ्हाइकाला आनंदानं सांगितलं. "अक्कांना माझ्या भज्यांत टायरचा वास येतोय!" गिऱ्हाइकानं हातातली बशी हळूच खाली ठेवली.

गाइक सिम एप्रनच्या टोकानं डोळे पुसत फोन शोधायला लागली. पेई शानला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. तेवढ्यात नैनानं नाक वर केलं.

"अक्का, फोन मागनं. बरोबरीला आलेत."

ती चुलीकडे पळाली.