विहिरीला बांधलेला लॅपटॉप

ज्याच्या पोटाशी विहिरीचं पाणी खेळवलं गेलं असा रत्नागिरी जिल्ह्यातला बहुधा एकटाच लॅपटॉप मी आहे, आणि आज मला बोलायचं आहे. माझा पंखा हल्ली फारसा वाजत नाही, त्यामुळे ऐकू येईल.

मी साधा लॅपटॉप नव्हे, गेमिंग लॅपटॉप. म्हणजे वजनाला पाट्यासारखा, अंगाला धारदार कोपरे आणि कीबोर्डखाली लाल, निळे, जांभळे दिवे. हे दिवे कशासाठी असतात ते मला कारखान्यात कोणी सांगितलं नाही. पुढे गणपतीत मला मखराच्या मागे ठेवलं, तेव्हा थोडा उलगडा झाला.

मला विकत घेतलं दादू भाटकरांनी. दादू बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर. बोट सिंगापूरला लागली असताना त्यांच्या मुलाचा, रितेशचा फोन आला. "बाबा, डिप्लोमा झाला. आता डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायचंय. साध्या लॅपटॉपवर ते चालत नाही." बापाचं मन! ब्लँकेट आणि चॉकलेटांच्या मधे निजवून त्यांनी मला भाट्ये गावातल्या घरी आणलं आणि सुट्टी संपताच ते पुन्हा बोटीवर गेले.

ते सॉफ्टवेअर रितेशने माझ्यात भरलं, हे खरं आहे. एकदा उघडलंही. पण उघडायला फार वेळ लागतो म्हणून बंद केलं आणि एक बंदुकांचा खेळ उतरवून घेतला.

आता, कारखान्यात मला पास करताना ज्या खोलीत तपासलं ती थंडगार होती. भाट्यात माझी जागा पत्र्याच्या पडवीत. बाहेर मे महिना, समुद्रावरून येणारी खारट, चिकट हवा, आणि माझ्या आत रितेश एकामागून एक माणसं मारतोय. मी तापणार नाही तर काय होणार? खेळ अडखळू लागला. रितेशने माझ्या पोटाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

त्या क्षणापासून तो खेळाडू राहिला नाही. तो माझा डॉक्टर झाला.

आधी त्याने माझ्याखाली बाटल्यांची झाकणं ठेवली. मग डिप्लोमाची पुस्तकं ठेवली. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. मग स्वयंपाकघरातला टेबलफॅन आणून माझ्यापुढे लावला. रोज तो एक व्हिडिओ बघायचा. त्यात एसीच्या खोलीत जर्किन घालून बसलेला एक माणूस लॅपटॉप गार कसा ठेवावा ते सांगत असे. त्याचं ऐकून रितेशने एके दुपारी माझं मागचं झाकण काढलं आणि त्याला ग्राइंडरने खिडक्या पाडल्या. खिडक्यांतून धूळ येते म्हणून वर मच्छरदाणीची जाळी चिकटवली. जाळीने हवा अडते म्हणून आणखी दोन पंखे बसवले.

गंमत अशी, की आता तो खेळतच नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात माझं तापमान दिसे, त्यावर डोळे लावून बसे. खेळ सुरू करायचा तो मला तापवायला, आणि तापवायचं ते गार होतोय का बघायला. समोरचे शत्रू आरामात येऊन त्याला गोळी घालून जात. त्याचं लक्ष नसे.

त्याची आई मैनाबाई पदराने वारा घेत पडवीत येई. "मेल्या, मी हयसर शेगडीपुढे शिजतंय आणि तो डबा वारा खातोय! आण माझा फॅन!"

"आई, पाच मिनिटं. टेस्टिंग चाललंय."

टेस्टिंग महिनोन्‌महिने चाललं. त्या घरात सगळ्यात गार जागा माझी होती, आणि रितेशच्या हाताखाली मी काहीच काम करत नव्हतो.

खरं काम माझ्यावर एकच जण करी. रितेशची धाकटी बहीण राही. सकाळी तो उठायच्या आत ती माझ्यापुढे बसे. दादाने एकदाच उघडलेलं ते सॉफ्टवेअर तिने उघडलं होतं. आईला मासे कापताना जमिनीवर बसवत नाही, कंबर धरते, म्हणून तिने एक बैठी चौकी काढली होती. पुढे कलती, पाय लांब करता येतील अशी, विळी अडकवायला खाच असलेली. गावातल्या सुताराकडून तिने ती करूनही घेतली. तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, आता ऑनलाइन मुलाखत राहिली होती.

अशात दादू सुट्टीवर आले.

बापलेकात बोलणं नव्हतं. दादूंचं म्हणणं, रितेशने बोटीवर यावं. रितेशचं म्हणणं, नाही. यापलीकडे दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते माहीत नव्हतं. एक जन्मभर समुद्रावर, दुसरा पडवीत. एकाच पडवीत बसून दोघे मैनाबाईंमार्फत बोलत. "त्याला सांग, जेवायला ये." "बाबांना सांग, भूक नाही." मैनाबाई मध्ये उभ्या राहून दोघांकडे बघत. "मी काय टपाल आहे?"

एका दुपारी माझा पंखा घरघरला. दादू वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी कान टवकारले.

"बेअरिंग गेलंय त्याचं," ते म्हणाले. थेट रितेशला.

"नाही, धूळ आहे," रितेश म्हणाला. थेट बापाला.

मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. मला वाटतं त्यांनी देवाला हात जोडले असावेत. पुढे काय होणार हे त्यांना माहीत असतं तर जोडले नसते.

दादूंनी मला उलटा केला, चष्मा लावला आणि म्हणाले, "वाऱ्याने कुठे इंजिन गार होतं काय रे? पाणी पाहिजे."

झालं. त्या दिवसापासून मी लॅपटॉप राहिलो नाही, मी बोट झालो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची बारीक नळी आली. ती वाकवून माझ्या आतल्या तापणाऱ्या भागावर दाबून बसवली. माशांच्या टाकीचा छोटा पंप आला, मोटारसायकलचा रेडिएटर आला, खिडकीखाली पिंप आलं, आणि पिंपात पाणी सोडायला थेट विहिरीपासून पाइप आला. उचलून नेता येतो म्हणून माझी जात निघाली. मला आता पडवीतून अंगणात न्यायचं तर प्लंबर लागला असता.

पण बापलेक बोलत होते! सकाळी चहाबरोबर पाइप, दुपारी जेवताना पंप. "बाबा, बोटीवर समुद्राचं पाणी थेट इंजिनात सोडता?" "छे रे, खारं पाणी सगळं खाऊन टाकेल. आत गोडं पाणी फिरतं, त्याला बाहेरून खारं गार करतं." रितेश ऐकत राही. बाप इतक्या वर्षांत काय करत होता हे त्याला प्रथमच कळत होतं. मी तापत होतो, त्या घरात काहीतरी वितळत होतं. म्हणून मीही मुकाट्याने सगळं सोसलं.

आळीतली माणसं मला बघायला येऊ लागली. देवरूखहून मामा आले, त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. प्रत्येकजण तांब्याच्या नळीवर बोट फिरवून विचारी, "किती गार होतो?" रितेश आकडा सांगे. पाहुणा मान हलवी. याच्यावर तुम्ही करता काय, असं कुणीही विचारलं नाही.

मुलाखतीची सकाळ उजाडली. राहीने हात जोडून सांगितलं, "बाबा, आज तुमचा तो पंप नको. माझं सगळं काम यात आहे. साधाच चालू दे."

"अगो बाय, साधा कशाला?" दादू म्हणाले. "आज तुझा दिवस. आज तर तो एकदम फर्स्टक्लास गार पाहिजे."

तिचं मन राखायला दोघे बापलेक "बरं" म्हणाले. आणि ती कपडे बदलायला आत गेल्यावर, निव्वळ प्रेमापोटी, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीतला बर्फ त्यांनी पिंपात ओतला आणि पंप चालू केला.

बर्फाचं पाणी माझ्या तांब्याच्या नळीतून फिरलं. आयुष्यात मला इतकं गार कधी वाटलं नव्हतं. राही बोलू लागली. पडद्यावर एक मॅडम आणि एक सर होते. तिने चौकीचं चित्र उघडलं. आणि मला कळलं, की माझ्या नळीला घाम सुटतोय. भाट्याच्या दमट हवेत थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसाच. थेंब जमला, लोंबला. मी ओरडणार कसा? तो माझ्या बोर्डावर पडला.

"ही चौकी मी माझ्या आईच्या..." एवढं राहीचं वाक्य मी ऐकलं आणि विझलो.

पुढचं मी मैनाबाईंच्या तोंडून ऐकलंय. येईल त्याला त्या सांगत. राही दोन क्षण काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग पंपाची गुणगुण तिच्या कानावर आली. तिने वळून बाप आणि भावाकडे बघितलं. ते दोघं बर्फाची रिकामी पेटी दोन बाजूंनी धरून उभे होते, खाली बघत. तिने फोनवरून पुन्हा मुलाखत जोडली.

"काय झालं राही? लाइट गेली?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. माझ्या लॅपटॉपला विहिरीचं पाणी जोडलंय."

मॅडम सरांकडे बघू लागल्या. मग सर म्हणाले, "दाखवता का जरा?"

तिने फोन फिरवला. मी, नळी, रेडिएटर, पिंप, पाइप, विहीर, आणि पेटीसकट बाप व भाऊ. सर इतके हसले, की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "हे काम तुम्हाला दिलं असतं, तर कुठून सुरुवात केली असती?"

"आधी विचारलं असतं, की हा वापरतंय कोण आणि कशासाठी," राही म्हणाली. "इथे तेवढंच राहून गेलं."

"आणि तुमची ती चौकी? चित्रं तर गेली."

राही फोन घेऊन मागच्या दारी पळाली. तिथे मैनाबाई त्याच चौकीवर बसून बांगडे साफ करत होत्या. त्यांनी फोनकडे बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "नमस्कार. हात खराब आहेत हो. पण कंबर आता धरत नाही, हे सांगते."

राहीला प्रवेश मिळाला.

मला त्या दिवशी तांदळाच्या पिंपात पुरलं. तांदूळ ओल ओढून घेतो असं कुणीतरी म्हणालं होतं. मी वर आलो तो तांदळातले किडे, टोके, घेऊनच. मी चालू झालो, पण माझा गेम खेळायचा भाग मेला, तो कायमचा. जगातला सगळ्यात गार गेमिंग लॅपटॉप, फक्त गेमिंग तेवढं गेलं.

दादूंनी स्वतः सगळे पाइप काढले. राहीपुढे उभे राहिले आणि "चुकलं गो" एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मला विचारा. मी चित्र काढून देईन." हॉस्टेलवर जाताना तिने मला नेलं नाही, कॉलेजात रोज उचलून न्यायचा हलका लॅपटॉप घेतला. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

दादू आता बोटीवर आहेत. रितेशला बोटीवर ये असं ते म्हणत नाहीत. फोन येतो तेव्हा दोघे तासन्‌तास बोलतात. पूर्वी "जेवलास?" आणि "हो" यात फोन संपायचा.

आणि आज रितेश माझ्यापुढे बसला होता. बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायला माणूस हवाय, त्यासाठी अर्ज टाइप करत होता. 'अनुभव' या शब्दापुढे बराच वेळ थांबला. लिहिलं, पुसलं, स्वतःशीच हसला. एवढ्यात माझं पोट तापलं. त्याने खाली हात लावला. मी घाबरलो. आता हा काय आणणार?

त्याने काही आणलं नाही. अर्ज पाठवला आणि मला बंद केलं.

"हो जरा गार," तो म्हणाला आणि समुद्राकडे फिरायला गेला.

मंडळी, तुमच्या घरी माझी भावंडं असतील, त्यांच्यासाठी एवढंच मागतो: तापली की थोडा वेळ बंद ठेवा.